जुळ्या कोकरांसाठी आर्जिनीन
फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नारी सुवर्ण’ मेंढ्यांना जुळी कोकरे अधिक होतात; मात्र जुळ्यांचे जन्मवजन कमी भरत असल्याने ती दगावण्याचा धोकाही वाढतो.

आर्जिनीन या अमिनो आम्लापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वारेतून गर्भाला अधिक पोषण मिळू शकते. परंतु साधे आर्जिनीन खुराकात मिसळल्यास कोटीपोटातील सूक्ष्मजीव त्याचा बराचसा भाग फस्त करतात. म्हणूनच प्रयोगांत ते शिरेतून किंवा संरक्षक आवरणात दिले जाते.

गर्भाची बहुतांश वाढ गाभणकाळाच्या शेवटच्या ६ आठवड्यांत होते. त्या काळात पेंडीसह प्रथिनयुक्त खुराक वाढवणे, हाच मेंढपाळासाठी पहिला व्यवहार्य उपाय ठरतो.