वजनकाट्याला न दिसणारे स्नायू



गेल्या तिमाहीत दोन-तीन वाचकांच्या पत्रांत एकच प्रश्न आला. तुमच्या गरजांच्या यादीत शिधा, मच्छरदाण्या, औषधे आहेत हे समजले. पण ‘अंगातून वीज सोडून स्नायू मोजण्याचे यंत्र’ हे काय प्रकरण आहे, आणि हिमायतनगरला त्याचे काय काम? प्रश्न रास्त आहे. देणगीचा रुपया कुठे जातो हे विचारलेच पाहिजे. मी परिचारिका आहे, इंजिनिअर नव्हे. तरी जेवढे शिकले आणि वापरून पाहिले तेवढे सांगते.

हिमायतनगर, म्हणजे जुन्या लोकांचे वाढोणा, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे. गाडी पुढे गेली की सहस्रकुंड आणि मग किनवटचा डोंगरपट्टा लागतो. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. या भागातल्या अंध, गोंड, कोलाम कुटुंबांचे आणि तांड्यांवरच्या बंजारा लोकांचे हातावर पोट आहे. कापूस वेचायचा, हळद काढायची, ऊसतोडीला जायचे, डोक्यावर मोळी आणायची. अशा घरात मांडीचे आणि दंडाचे स्नायू हीच ठेव असते. ही ठेव आजारपणात किती मोडली गेली आणि नंतर किती भरून आली, हे मोजायला आमच्याकडे इतकी वर्षे फक्त वजनकाटा होता.

वजनकाटा मात्र स्नायू, चरबी आणि पाणी एकत्रच तोलतो. यात किती फसगत होते त्याचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तपासणी करून ती २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण एक्स-रेच्या खास यंत्राने पाहिले तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात हेच तान्ह्या बाळांतही दिसले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू. पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारा माणूस आतून ‘सुका आणि काटक’च असतो असे नाही.

ते एक्स-रेचे यंत्र महाग, जड आणि शहरातले. विजेची पद्धत पुढे येते ती इथे.

स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, आणि ते पाणी खारट असते. खारट पाण्यातून वीज सहज जाते. चरबी आणि हाड तिला अडवतात. मनगट, हात, घोटा आणि पाऊल यांवर चिकटपट्ट्या लावून अगदी सौम्य प्रवाह सोडला की शरीर किती अडथळा करते ते यंत्र सांगते. जाड नळातून पाणी सहज वाहते, बारीक नळातून अडखळत. तसेच मांसल हातापायांतून वीज सहज जाते. धड शरीराच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे असले तरी ते रुंद असल्यामुळे एकूण अडथळ्यात त्याचा वाटा थोडाच असतो. मोजणीत खरी बाजी हातपायच मारतात, आणि आम्हाला हवे तेही हातपायच.

‘करंट लागंल का वो, सिस्टर?’ हा पहिला प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाही लागत, मावशी. प्रवाह एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो. शिवाय घरातल्या विजेच्या सेकंदाला ५० फेऱ्या होतात, तर इथे साधारण ५०,०००. इतक्या झपाट्याने उलटसुलट होणाऱ्या एवढ्या लहान प्रवाहाची मज्जातंतूंना दखलही लागत नाही. तरीही हृदयात पेसमेकर असलेल्यांना ही तपासणी करायची नाही, आणि गरोदर बायांना आम्ही ती करत नाही.

आता यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. प्रत्येक पेशीभोवती पातळ पापुद्रा असतो. तो विजेचा भार क्षणभर धरून ठेवतो आणि मग सोडतो, त्यामुळे प्रवाहाला किंचित उशीर होतो. हा उशीर अंशांत मोजतात. त्याला ‘फेज अँगल’ म्हणतात. निरोगी प्रौढांत तो साधारण ५ ते ७ अंश असतो, बायांमध्ये थोडा कमी, आणि वयाबरोबर उतरतो. पेशी भरपूर आणि त्यांचे पापुद्रे धड असतील तर कोन मोठा. पेशी झिजल्या, पेशींबाहेर पाणी साचले की कोन लहान. एचआयव्ही आणि कर्करोगाच्या रुग्णांत कोन लहान असला तर पुढची वाट बिकट असते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वजन ‘किती’ ते सांगते. हा कोन ‘कसे’ ते सांगतो.

हे तंत्र काल-परवाचे नाही. फ्रान्सच्या तोमासे यांनी १९६०च्या दशकात कातडीत सुया टोचून असा अडथळा मोजला होता. आता सुया गेल्या. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावर हातापायांतला रक्तप्रवाह तपासण्याचे उपकरण बनवले. बॉस्टनचे डॉ. सीवर्ड रुटकोव्ह तर पट्ट्या एकाच स्नायूवर लावून त्या स्नायूची तब्येत पाहतात. डुशेन नावाच्या आजारात मुलाच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या दिसतात, पण आत स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरत असतात. डोळ्याला तो गुटगुटीतपणा वाटतो. वीज मात्र फसत नाही.

फसत नाही म्हटले, पण खेड्यात ती फसते, आणि हे देणगीदारांना माहीत असायला हवे.

बाजारात मिळणाऱ्या साध्या यंत्रांवर अनवाणी उभे राहायचे असते. शेतात अनवाणी राबलेल्या तळव्यांना जाड घट्टे आणि भेगा असतात. तिथेच वीज अडते आणि यंत्र भलताच आकडा दाखवते. चार पट्ट्यांच्या यंत्रात प्रवाह सोडणाऱ्या पट्ट्या वेगळ्या आणि मोजणाऱ्या वेगळ्या, म्हणून कातडीचा अडथळा फारसा आड येत नाही. मग दागिने. तांड्यावरच्या आजींच्या दंडापर्यंतच्या बांगड्या काही केल्या निघत नाहीत, आणि जोडवी काढायला सवाष्ण तयार नसते. तिला आग्रह करू नये असे माझे मत आहे. निदान दर वेळी तेच दागिने अंगावर असतील तर तिच्याच जुन्या आकड्याशी तुलना करता येते.

पाण्याचा घोळ मोठा. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाच्या अंगातले पाणी आटलेले असते, आकडा बदलतो. कुपोषित मुलाच्या पायावर सूज असेल तर ते साचलेले पाणी स्नायू म्हणून मोजले जाऊ शकते. त्या मुलासाठी दंडाची फीतच बरी: ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, आणि दोन्ही पावलांवर सूज दिसली तर फितीचा आकडा काहीही असो, दवाखाना.

आणखी एक. यंत्र स्नायूंचे किलो थेट मोजत नाही. ते आतल्या गणिताने काढते. ते गणित ज्या लोकांवरून बसवले ते बहुधा युरोप-अमेरिकेचे. याज्ञिक-युडकिन यांची गोष्ट आठवा, म्हणजे त्यात काय धोका आहे ते कळेल. म्हणून किलोच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. अडथळा आणि कोन हे कच्चे आकडे वहीत लिहायचे, आणि त्याच माणसाचे दोन महिन्यांनी पुन्हा पाहायचे.

हे सारे क्षयरुग्णांसाठी. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासात (२०१९ ते २०२२) रुग्णाला महिन्याला १० किलो शिधा दिला, घरच्यांनाही तांदूळ आणि डाळ दिली. त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले. सरकारची निक्षय पोषण योजना आता रुग्णाला महिन्याला १,००० रुपये देते. आपण वर डाळ, शेंगदाणे, अंडी देतो. वाढलेले दोन किलो पाणी आहे, चरबी आहे की कामाला लागणारे मांस, हे कळले तर शिध्यात डाळ वाढवायची की व्यायाम सुरू करायचा, हे ठरवता येईल.

यंत्र येईपर्यंत आम्ही थांबलेलो नाही. वयस्कांसाठी आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सोपी मापे दिली आहेत: पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि बायांत ३३ सेंटिमीटरच्या खाली, हाताची पकड २८ आणि १८ किलोच्या खाली, खुर्चीवरून पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त. यांतले काहीही दिसले की लक्ष द्यायचे. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या आजीला खुर्चीची कसोटी म्हणजे गंमत वाटते, पण ती उठते.

तेव्हा ज्यांना मदत करायची आहे त्यांनी पायाखालचे यंत्र पाठवू नये, कितीही स्वस्त मिळाले तरी. फेज अँगल दाखवणारे चार पट्ट्यांचे एक यंत्र आणि पट्ट्यांचा वर्षभराचा साठा हवा. पट्ट्या संपल्या की यंत्र कपाटात जाते. तेवढे जमत नसेल तर पकड मोजण्याची दोन उपकरणे आणि न ताणणाऱ्या फिती पाठवा. तपासणी आम्ही सकाळी, चहाभाकरीच्या आधी करतो, लघवीला जाऊन आल्यावर, दहा मिनिटे चटईवर उताणे झोपवून. बाज मोकळी असली तर बाजेवर, पण ती लोखंडी नसावी.