वर्षावासातले ताट

आषाढी पौर्णिमा जवळ आली की आपल्या अनेक घरांत सुकट-बोंबलाचे डबे वरच्या फळीवर जातात. तीन महिने मांसाहार बंद. निश्चय चांगलाच, पण जे बंद झाले त्याच्या जागी ताटात काय आले, हे फारसे कोणी पाहत नाही.

गेल्या वर्षावासात शेजारच्या वहिनींना जिना चढताना चक्कर आली. रक्त तपासले, हिमोग्लोबिन आठ. घरात पाच माणसे, वेळेला वाटीभर डाळ आणि वहिनी सर्वांत शेवटी जेवणार. तोवर पातेल्यात पाणी घालून वाढवलेले वरण उरलेले असे.

मी डॉक्टर नव्हे, कारकून माणूस; म्हणून कागदावर जमाखर्च मांडला. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० ग्रॅम पिठाची एक अशा ज्वारीच्या चार भाकऱ्यांतून २० ग्रॅम मिळाली. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम; पाच जणांत वाटली तर एकाला साडेचारही नाहीत, दोन्ही वेळचे जेमतेम नऊ. जमा २९, तूट १३! ही तूट भरायला महाग काही लागत नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून सात ग्रॅम मिळतात आणि मोड आलेल्या मटकीच्या वाटीभर उसळीतून आठेक. भाकरीतली उणीव डाळ-उसळ भरून काढते, म्हणून दोन्ही ताटात हवीत.

पण वहिनींची चक्कर लोहाच्या कमतरतेची होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. पालेभाजी, कडधान्ये यांतले लोह शरीर कमी शोषून घेते. वर लिंबू पिळले तर जास्त अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर वाया जाते. (आपल्याकडे तर जेवण झाले की चहाचे आधण ठेवलेच!)

ब-१२ जीवनसत्त्व मात्र भाजी-डाळीत नाहीच. दूध, दही, ताक रोज हवे. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना गोळीबद्दल विचारावे.

वहिनींनी लोहाच्या गोळ्या पूर्ण घेतल्या. चहा आता चार वाजता होतो. आणि जेवायला त्या सगळ्यांबरोबर बसतात. हे अंगवळणी पडायला मटकीच्या उसळीपेक्षा जास्त दिवस लागले.