ताम्र : गृहोपयोग आणि भस्मपरीक्षा

देवघरातील पळी-पंचपात्र, पाणी तापविण्याचा बंब, विजेची तार आणि आरोग्यवर्धिनी या सर्वांत ताम्र आहे. इतक्या परिचित धातूविषयी पुन्हा लिहिण्याचे कारण असे, की त्याचे हितकारकत्व सर्वस्वी त्याच्या रूपावर अवलंबून असते.

प्राप्तिस्थान व ग्राह्यता

भारतात ताम्राच्या प्रमुख खाणी राजस्थानात खेत्री, मध्य प्रदेशात मालंजखंड व झारखंडात सिंहभूम येथे आहेत. ताम्र, लोह व गंधक यांचे संयुग असलेले कॅल्कोपायराइट हे त्याचे मुख्य खनिज; रसशास्त्रातील सुवर्णमाक्षिक ते हेच. रसग्रंथांनी नेपाल व म्लेच्छ असे दोन भेद करून स्निग्ध, मृदू, रक्तवर्ण व घणाचे घाव सोसणारे नेपाल ताम्र ग्राह्य मानले आहे. मोडीची भांडी स्वस्त मिळतात. परंतु त्यांवर कल्हईचे कथिल व सांध्यांत अन्य धातू असू शकतात. औषधार्थ ती वर्ज्य समजावीत.

नित्य उपयोग

ताम्रपात्रात पाणी ठेवण्याची प्रथा सार्थ आहे. बंगळूर येथे झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, १६ तास ताम्रपात्रात ठेवलेल्या पाण्यातील पटकी व अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे आढळले. पाण्यात उतरलेले ताम्र जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे २ मिलिग्रॅम या मर्यादेहून पुष्कळच कमी होते. मात्र त्याच पात्रात ताक वा चिंचेचे सार ठेवल्यास ते कळकते. अम्लाने ताम्र विरघळून हिरवट-निळसर क्षार तयार होतात व त्यांनी मळमळ, वांती, उदरशूल होतो. आपल्या घरांत कल्हईचा आग्रह होता तो यासाठीच. तुत्थ म्हणजे मोरचूद हाही असाच क्षार. चुन्यासह त्याचे बोर्डो मिश्रण सुपारी व द्राक्षबागांचे रक्षण करते. पोटात गेल्यास मात्र तो विषच आहे.

भस्म व त्याची परीक्षा

ताम्रभस्म लेखन व कफपित्तनाशक असून यकृत्प्लीहावृद्धी, उदर, शूल, श्वास यांत उपयुक्त आहे. मात्रा १५ ते ६० मिलिग्रॅम. अशुद्ध वा अपक्व ताम्राचे वांती, भ्रम, दाह, रेचन आदी आठ दोष आचार्यांनी सांगितले आहेत. तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांतील शोधन, पुढे मारण व शेवटी सूरणातील अमृतीकरण हा क्रम त्या दोषांच्या निवारणार्थच आहे.

भस्म वारितर व रेखापूर्ण असले तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. चिमूटभर भस्म काचेच्या वाटीत आंबट दह्यावर टाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावे. दही हिरवट वा निळसर झाल्यास भस्म अपक्व समजावे. स्वयंपाकघरातील कळकणे व ही अम्लपरीक्षा यांचे तत्त्व एकच आहे. काही वर्षांपूर्वी मी मागविलेल्या एका भस्मासोबत परीक्षणपत्र होते, रंगही काळा होता. तथापि सकाळी दह्याभोवती हिरवी कड दिसली. तो डबा मी परत केला. परीक्षणपत्रावर विसंबलो असतो, तर ते भस्म कामलेच्या रुग्णाच्या पोटात गेले असते.

औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाणीची ही परीक्षा करून नोंद ठेवावी. वैद्यांनी प्रत्येक नवा डबा स्वतः तपासावा. विल्सन व्याधीत शरीरात ताम्राचाच संचय होत असल्याने तेथे ताम्रकल्प सर्वथा निषिद्ध होत. वाटीभर दही आणि एका रात्रीची प्रतीक्षा, एवढ्यात रुग्णाचे रक्षण होते व शास्त्राची प्रतिष्ठाही राहते.