साताऱ्याची वाट

दहावीच्या निकालाचा दिवस आपल्या घरांतून सणासारखा उजाडतो आणि पुष्कळदां सुतकासारखा मावळतो. गुण कमी पडलेला मुलगा माजघरांत बसून असतो. आजोबा वर्तमानपत्रांतून डोकें वर काढीत नाहींत, काकू न बोलतां पानें वाढतात. लोकांना काय सांगावयाचें, ही सर्वांस चिंता. त्या मुलाला काय वाटतें, हें विचारण्याचें मात्र कोणास सुचत नाहीं.

अशा वेळीं आम्हांस मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची आठवण होते. १८७५ सालीं, सतरा वर्षांचे असतांना, एका सरकारी परीक्षेसाठीं ते साताऱ्यास निघाले. शंभरांहून अधिक मैलांची वाट, कुंभार्ली घाटाचा चढ, आणि तीही पायीं! तेथें पोहोंचल्यावर, मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, या सबबीवर त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. नापास होण्याचें भाग्यही लाभलें नाहीं म्हणाना! मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडलें. म्हणजे वय तेवीस. आज तेविसाव्या वर्षीं मॅट्रिक होणाऱ्या मुलाविषयीं आपल्या ओसरीवर काय बोलणें होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. हेच कर्वे १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले. १८९३ सालीं विधवेशीं विवाह करून त्यांनीं गांवचा बहिष्कार पत्करला, आणि १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. साताऱ्याच्या फेरीनेंच हें सर्व घडविलें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण रिकाम्या हातानें परत येणें म्हणजे जगबुडी नव्हे, हें त्यांस लहानपणींच कळलें होतें.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. पुतण्याला गणिताच्या एका स्पर्धापरीक्षेस बसावयाचें होतें. मागें पडेल, हिरमुसेल, म्हणून आम्हींच अर्ज भरूं दिला नाहीं. आम्हांस तें शहाणपण वाटलें. आतां तो बारावीस आहे. उत्तर पक्कें ठाऊक असल्याखेरीज वहींत एक ओळ लिहीत नाहीं. चुकलेलें गणित खोडून टाकतो, तें कोठें चुकलें हें पाहत नाहीं. हा दोष त्याचा नव्हे.

परवां त्याची धाकटी बहीण त्याच परीक्षेचा अर्ज घेऊन आली. "काका, पास होईनच असें नाहीं हं," ती म्हणाली. आम्हीं चष्मा शोधला आणि सही केली.