म्हसवडच्या अर्जापासून यंत्रशिक्षकापर्यंत

दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परंतु तत्पूर्वी परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला होता, कारण सह्यांच्या जागी बऱ्याचजणींचे अंगठे उमटलेले होते. बँकेच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांच्या सहवासात अक्षरे गिरवून त्या बायका पुन्हा मुंबईस रिझर्व्ह बँकेत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, साहेबांच्या माणसांनी तो कॅल्क्युलेटरवाचून करून दाखवावा, असे त्यांनी सुनावले. गणित त्यांच्या डोक्यात होते, उणीव होती ती अक्षरांची. म्हणून शिकवणेही तेथूनच सुरू झाले.

शिकवणीचा आरंभ शिकणारा जेथे अडला असेल तेथून करावा, ही गोष्ट विद्यापीठीय संशोधनाने नंतर आकड्यांत मांडली. आज हार्वर्डच्या व्यवसायशाळेत वित्तशास्त्र शिकवणारे शॉन कोल यांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांच्यासह ‘प्रथम’ या संस्थेच्या दोन उपक्रमांची परीक्षा केली आणि तिचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. मुंबई व बडोदे येथील महानगरपालिकांच्या शाळांत मागे पडलेल्या पंधरावीस मुलांना वस्तीतलीच एखादी तरुणी, म्हणजे बालसखी, रोज दोन तास वेगळी शिकवी. तर बडोद्याच्या शाळांना सरकारातून मिळालेल्या, परंतु प्राथमिकच्या मुलांच्या हाती क्वचितच पडणाऱ्या संगणकांवर चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, एका यंत्रापुढे दोघे बसून, गणिताचे खेळ खेळत. दुसऱ्या वर्षअखेर बालसखीने गुणांत सरासरी ०.२८, संगणकाने गणितात ०.४७ प्रमाण विचलनाची वाढ केली. मात्र बालसखीचा दरडोई वार्षिक खर्च सव्वादोन डॉलर, संगणकाचा पंधरा डॉलरांच्या वर, हा तपशील दुष्काळी मुलखातल्या वाचकाने तरी नजरेआड करू नये. शिवाय वर्षभराने दोहोंचाही लाभ पुष्कळसा ओसरला.

लिंडन यांनी पुढे गुजरातेतच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत पाहिले, तो शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक लावला असता मुले मागे पडली, आणि शाळेबाहेरच्या वेळात लावला असता पुढे सरकली. यंत्र तेच, जागा मात्र निराळी!

यंत्राने शिक्षकाची जागा घ्यावी की त्याला जोड द्यावी, हाच वाद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनानंतर नव्या वेषात आला. व्हार्टन व्यवसायशाळेच्या प्राध्यापक हम्सा बस्तानी व त्यांचे सहकारी यांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. सराव करताना ज्यांच्या हाती संवादयंत्र मोकळे सोडले, त्यांची उदाहरणे ४८ टक्के अधिक बिनचूक सुटली, परंतु यंत्र काढून घेऊन परीक्षा घेताच, ज्यांना ते मिळालेच नव्हते त्यांच्यापेक्षा त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी भरले. उत्तर न देता इशारे देणाऱ्या दुसऱ्या यंत्राने ती हानी बव्हंशी टळली; आणि त्या इशाऱ्यांचा मसुदा शिक्षकांच्याच साहाय्याने सिद्ध झाला होता.