आतड्याच्या अस्तरातील पहारा

मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली जुलाबाने आजारी बालकांच्या लहान आतड्याचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा अस्तराच्या पेशींत त्यांना जे विषाणू आढळले, त्यांना चाकासारख्या आकारामुळे पुढे रोटाव्हायरस हे नाव मिळाले. त्यानंतर बराच काळ संशोधनाचा भर लशीवर, म्हणजेच प्रतिपिंडे घडवणाऱ्या अर्जित प्रतिकारशक्तीवर राहिला, आणि दरवर्षी लाखो बालके दगावत असताना तो योग्यच होता; मात्र प्रतिपिंडे तयार होईपर्यंतचे पहिले काही दिवस आतड्याचे रक्षण करणाऱ्या जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभ्यास त्यामुळे मागे पडला.

तिचे मोल २००३ मध्ये सेंट लुईस येथील उंदरांवरच्या प्रयोगांतून ठळकपणे पुढे आले. उंदरांमध्ये नव्यानेच सापडलेल्या नोरोव्हायरसची लागण झाल्यावर अर्जित प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर जगले, पण स्टॅट-१ हे प्रथिन नसलेले उंदीर दगावले. पेशीत विषाणू शिरल्याची चाहूल लागताच ती पेशी इंटरफेरॉन हे संदेशक प्रथिन स्रवते आणि त्याचा सांगावा शेजारच्या पेशींच्या केंद्रकापर्यंत स्टॅट-१ पोहोचवते; तोच दुवा या उंदरांत तुटलेला होता. रोटाव्हायरसचे एनएसपी-१ हे प्रथिन तर इंटरफेरॉनची निर्मिती सुरू करणाऱ्या आयआरएफ-३ या प्रथिनाचाच नाश घडवते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. अवघ्या अकरा जनुकखंडांच्या विषाणूने त्यांतील एक या कामी लावावा, यातच या पहाऱ्याची ताकद दिसते.

२००३ मध्येच शोध लागलेले लॅम्डा इंटरफेरॉन मुख्यतः अस्तराच्या पेशींवर काम करते. ते दिल्यावर उंदरांच्या आतड्यात मुक्काम ठोकून बसलेला नोरोव्हायरस अर्जित प्रतिकारशक्तीच्या मदतीवाचूनही नाहीसा झाला, हा २०१५ सालचा निष्कर्ष या साऱ्या वाटचालीत सर्वांत आशादायक म्हणावा लागेल.

विषाणूंचा परिणाम मात्र एकाच दिशेचा नसतो. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्याची खुंटलेली रचना नोरोव्हायरसच्या लागणीने सुधारते, असे २०१४ मध्ये आढळले; उलट २०१७ मध्ये, एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या रिओव्हायरसच्या लागणीने उंदरांची गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाविषयीची सहनशीलता मोडल्याचे दिसले, आणि सीलिअॅक या आजाराचा, म्हणजे ग्लुटेनमुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटण्याचा, विचार विषाणूंच्या अंगाने अधिक होऊ लागला.