वाणसामानाची यादी आणि कमी पिष्टाचे जेवण

तत्त्वज्ञान आणि राज्यकारभार यांची चर्चा ऐकायला आलेल्या श्रोत्यांपुढे वाणसामानाच्या यादीचा विषय मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या देशात मधुमेही माणसे 10 कोटींहून अधिक असावीत, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दिला आहे. यांपैकी अनेकांना डॉक्टर सांगतात, "भात-पोळी कमी करा." हे दोन शब्दांचे सांगणे घेऊन माणूस वाण्याच्या दुकानात उभा राहतो आणि तेथेच त्याची खरी अडचण सुरू होते. कमी करायचे ते कळले. पण त्या जागी आणायचे काय?

आमच्याच घरची चूक सांगतो. घरातील वडीलधाऱ्यांना हा सल्ला मिळाला, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने बाजारात गेलो. तांदळाऐवजी वरई आणली, कणकेऐवजी नाचणीचे पीठ आणले, साखरेऐवजी गूळ आणला आणि 'साखरविरहित' बिस्किटांचे दोन पुडेही आणले. खर्च वाढला, रक्तातील साखर होती तेथेच राहिली. आम्ही पीठ पालटले होते, पिष्ट पालटले नव्हते!

यामागचे कारण सोपे आहे. पिष्टमय पदार्थ पचले की त्यांची ग्लुकोज नावाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी यांपैकी कोणतेही धान्य घ्या. 100 ग्रॅमांत सुमारे 60 ते 80 ग्रॅम कर्बोदके सापडतात. भरड धान्यांत चोथा आणि क्षार अधिक असतात, हा गुण आम्ही नाकारीत नाही. पण पिष्टाच्या हिशेबात ती भाताची सख्खी भावंडेच होत. अनुसंधान परिषदेच्याच पाहणीवर आधारलेल्या 2025 सालच्या अभ्यासात असे दिसले की, आपल्या आहारातील सुमारे 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. केवळ एका पिठाच्या जागी दुसरे पीठ घेतल्याने धोका कमी झालेला त्यात आढळला नाही. कर्बोदकांचा काही भाग प्रथिनांना दिला तेथे मात्र धोका कमी असल्याचे दिसले. तात्पर्य, धान्याला धान्य हा पर्याय नव्हे.

मग पर्याय शोधावा कसा? आमच्या मते, प्रत्येक पदार्थ ताटात कोणते काम करतो ते आधी पाहावे. भाताचे काम आमटी धरून ठेवण्याचे. ते काम किसून, तेलावर परतलेला फुलकोबी बऱ्यापैकी करतो. त्याला भाताची चव येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आमटी-कढीबरोबर तो गोड लागतो. पोह्यांच्या फोडणीत कोबी किंवा पनीर घालता येते. रश्शाला दाटपणा आणण्यासाठी बटाट्याऐवजी दाण्याचा कूट, तीळ किंवा ओले खोबरे वापरावे. बटाट्याची जागा दुधी, पडवळ, नवलकोल, वांगी यांना द्यावी. पोट भरण्याचे काम अंडी, मासे, पनीर, दही, सोयाबीन यांच्याकडे सोपवावे. डाळी आणि बेसन मधल्या पायरीवर आहेत. त्यांत प्रथिने भरपूर, पण पिष्टही बरेच. म्हणून मुगाचे धिरडे दोन पोळ्यांऐवजी खावे, पोळ्यांबरोबर नव्हे.

उपवासाचा दिवस हा तर खरा सापळा आहे. साबुदाण्यात 100 ग्रॅमांमागे 85 ग्रॅमांहून अधिक कर्बोदके असतात. राजगिरा आणि वरई यांतही पिष्टच मुख्य. ज्यांना उपवास मोडवत नाही, त्यांनी दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही, खोबरे यांवर दिवस काढावा.

आता पुड्यातील मालाविषयी. पुड्याच्या दर्शनी बाजूस मोठ्या अक्षरांत काय छापले आहे, ते वाचून फसू नये. पुडा उलटा करावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणून पहिले नाव मैद्याचे असेल, तर तो पुडा मैद्याचा समजावा. साखर शून्य असली तरी त्या मैद्याचे पिष्ट कोठे जात नाही. माल्टोडेक्स्ट्रिन, द्रवरूप ग्लुकोज ही नावे दिसली तर तीही त्याच कुळातील जाणावीत. त्याखालच्या कोष्टकात 100 ग्रॅमांतील कर्बोदकांचा आकडा असतो. दोन पुड्यांची तुलना त्या आकड्यावरून करावी. गूळ आणि मध यांना पुड्याची गरज नाही, ती साखरच.

हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, असा आक्षेप येतो. बदामाचे पीठ आणले तर तो खराच आहे. पण शेंगदाण्यात सुमारे एक चतुर्थांश प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये त्याहून पुष्कळ अधिक. आणि हे दोन्ही जिन्नस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. चार वाजताच्या बिस्किटांऐवजी मूठभर भाजके दाणे किंवा एक उकडलेले अंडे घेतले, तर खर्च फारसा वाढत नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. दुसऱ्या महिन्यात आमच्या घरी धान्य खरोखरच कमी झाले, पण गोळीचे प्रमाण तेच राहिले. एका दुपारी वडीलधाऱ्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. साखर फार खाली गेली होती. साखरपाणी दिल्यावर ते सावरले. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण पालटू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनीही आधी विचारावे.

आमच्या घरची यादी पूर्वी तांदूळ, गहू, साखर अशी सुरू होई. आता आधी मंडईतली भाजी लिहितो. मग दही, अंडी, दाणे, सोयाबीन. आणि शेवटी, डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढे धान्य. जिन्नस बहुतेक तेच आहेत. त्यांचा क्रम आणि त्यांचे माप तेवढे पालटले आहे.